दिनांक लिहितात, तारीख पडते: कागदावरच्या जुन्या शब्दांचे काय करायचे?

जुने शब्द म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोथ्या येतात, ताम्रपट येतात, बखरी येतात. आज आपण त्या वाटेने जाणार नाही. आज आपण जे कागद वाचणार आहोत ते सगळे आत्ताचे, चालू वापरातले आहेत. एक सातबारा उतारा, एक खरेदीखत, एक पंचनामा. संगणकावर छापलेले. आम्हाला हे कागद साहित्य म्हणून वाचायचे आहेत, म्हणजे कवितेचा किंवा कादंबरीचा एखादा उतारा जितक्या काळजीने वाचतो तितक्या काळजीने. कारण सरळ आहे. मराठी माणसाच्या आयुष्यावर ज्या मराठी गद्याचा सगळ्यात जास्त परिणाम होतो, ते हे गद्य. आणि समीक्षक त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

सुरुवात पंचनाम्यापासून करू. अशा कागदात नेहमी भेटणारे वाक्य साधारण असे असते: 'सदर इसमास पंचांसमक्ष विचारपूस केली असता त्याने मजकूर केला की…' आता बघा, तुमच्या घरी कोणी असे बोलते का? 'सदर इसम अजून जेवायला का आला नाही' असे कुठली आई म्हणते? पण पोलीस ठाण्याच्या दारातून आत गेले की आपण सगळे इसम होतो. हा 'इसम' मुळात अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ 'नाव'. मराठीत येता येता त्याचा अर्थ झाला माणूस, आणि वर्तमानपत्रात तो आज भेटतो तो बहुतेक वेळा 'अनोळखी इसम' म्हणून. म्हणजे ज्याचे नाव माहीत नाही त्याला आपण 'नाव' या शब्दाने ओळखतो. 'पंचनामा' या शब्दातला 'पंच' आपला आणि 'नामा' फारसी. या जोडशब्दाला आजवर कोणी धक्का लावू शकलेले नाही.

धक्का लावायचा प्रयत्न झाला नाही असे नाही. उलट आपल्याकडे तो फार जुना आहे. 1674 साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला गेला. कारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश. अष्टप्रधानांची नावेही बदलली. मुजुमदार होते ते अमात्य झाले, सुरनीस सचिव झाले, वाकनीस मंत्री झाले, डबीर सुमंत झाले, पेशवे मुख्य प्रधान झाले.

आता या नावांचे पुढे काय झाले ते बघण्यासारखे आहे. 'मुख्य प्रधान' इतिहासाच्या पुस्तकात राहिले आणि लोकांच्या तोंडी 'पेशवे' राहिले, ते आजतागायत. 'सचिव' आणि 'मंत्री' हे दोन शब्द मात्र जिवंत आहेत, पण वेगळ्या अर्थाने. आज मंत्री धोरण ठरवतात आणि सचिव फाईल चालवतात. मुजुमदार, डबीर, सबनीस, पोतनीस, चिटणीस ही पदे गेली आणि आडनावे झाली. त्यातला चिटणीस तर दोन्हीकडे टिकला. तो आडनावातही आहे आणि राजकीय पक्षांत, कामगार संघटनांत, गणेशोत्सव मंडळांत 'सरचिटणीस' म्हणूनही आहे. पत्रिकेवर अध्यक्ष संस्कृत, सरचिटणीस आणि खजिनदार फारसी वळणाचे, आणि त्यांच्यात काही भांडण नाही. भांडण असलेच तर वर्गणीवरून.

यातून एक गोष्ट लक्षात येते. शब्द टिकेल की जाईल हे कोशकार ठरवत नाही. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' असे शब्द दिले, आणि ते रुळले. कोणी म्हणेल की बघा, ठरवून केलेले शब्दही चालतात. चालतात, पण कुठे चालतात ते बघा. सरकारी पत्राच्या कोपऱ्यात 'दिनांक' असतो. कोर्टाच्या पायरीवर मात्र तारीख पडते. दिनांक कधी पडत नाही. ज्याचा खटला बारा वर्षे चालला आहे त्याला विचारा, तो 'तारीख' हा शब्द कसा उच्चारतो. त्या उच्चारात बस भाडे आहे, वकिलाची फी आहे, बुडालेली मजुरी आहे. 'दिनांक' अजून कोरा आहे, कारण त्याची वाट बघत कोणी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेले नाही.

1960 साली महाराष्ट्र राज्य झाले आणि राज्यकारभार मराठीत आणायचे ठरले. त्या दशकात सरकारी पदांना मराठी नावे देणारा 'पदनाम कोश' निघाला. त्याची त्या काळी 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली. ती थट्टा थोडी अन्यायाची होती असे आम्हाला वाटते. कारण 'जिल्हाधिकारी', 'अधीक्षक', 'संचालक' हे शब्द आज आपण सहज वापरतो. पण थट्टेत एक खरी गोष्ट होती. कोश करणाऱ्यांनी पदांकडे वरून पाहिले. लोक पदाकडे खालून, अर्ज हातात धरून बघतात. म्हणून कागदावर 'पोलीस उपनिरीक्षक' असतो आणि गावात 'फौजदार' येतो. कागदावर 'उपविभागीय अधिकारी' असतात आणि अपील 'प्रांतांकडे' जाते. सरकारी दिरंगाईला चाप लावणारा 2005 चा एक कायदा आहे. त्याच्या लांबलचक नावात 'शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध' असे शब्द आहेत. हे नाव पाठ असलेला माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. सगळे म्हणतात 'दप्तरदिरंगाईचा कायदा'. दप्तर आणि दिरंगाई दोन्ही फारसी वाटेने आलेले, आणि ऐकताच कळणारे.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की आम्ही जुन्या शब्दांचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. थोडे थांबा.

'मामलेदार' हा शब्द घ्या. ठाण्यात त्या नावाची मिसळ आहे, तिखट खाणाऱ्यांना सांगायला नको. मामलेदार कचेरीजवळची म्हणून ती मामलेदार मिसळ. आज त्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्याला तहसीलदार म्हणतात. मग मामलेदार फक्त मिसळीत उरला का? नाही. 'मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906' हा कायदा आजही चालू आहे. शेजाऱ्याने तुमच्या शेताचा वहिवाटीचा रस्ता अडवला, पाण्याचा पाट अडवला, तर त्याच कायद्याच्या कलम 5 खाली तुम्ही तहसीलदारांकडे दाद मागता. रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. आता समजा, एखाद्या तरुण शेतकऱ्याला 'वहिवाट' हा शब्दच माहीत नाही. तो म्हणतो, 'साहेब, माझा जायचा रोड बंद केलाय.' समोरून प्रश्न येतो, 'रस्ता नकाशात आहे की वहिवाटीचा?' तो म्हणतो, 'नकाशात नाही.' आणि तिथेच गप्प बसतो. त्याला वाटते की नकाशात नाही म्हणजे आपला हक्क नाही. वास्तविक आजोबांपासून त्या बांधावरून बैलगाडी गेली, हाच त्याचा मुद्दा आहे, आणि त्या मुद्द्याचे नाव 'वहिवाट' आहे. शब्द गेला की हातातला मुद्दा जातो, आणि तो आठवेपर्यंत सहा महिनेही जातात.

तर ही पहिली जात. जुना शब्द, पण त्यामागची वस्तू जिवंत. वहिवाट, फेरफार, बोजा, वारस, हरकत, कूळ. 'बोजा' म्हणजे काय हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. सातबारावर सोसायटीचा बोजा चढला की तो त्याला मानेवर जाणवतो. निवडणुकीच्या सभेत 'सातबारा कोरा करू' म्हटले की टाळी पडते, ती याच शब्दामुळे. खुद्द 'सातबारा' हे काय नाव झाले? गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 या दोन तक्त्यांचे आकडे एकत्र झाले, इतकेच. सरकार नमुना 7 ला 'अधिकार अभिलेख' म्हणते. आकड्यांचे नाव जिवंत राहिले आणि शब्दांचे नाव फक्त कागदावर राहिले.

आता दुसरी जात. यासाठी खरेदीखत उघडू. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहून झाल्या की एक ठरलेली माळ येते: 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.' ही माळ फार जुनी आहे. मध्ययुगीन दानपत्रांत, ताम्रपटांत, राजा गाव दान देताना निधिनिक्षेपासह देत असे. निधी म्हणजे जमिनीत पुरलेले धन, निक्षेप म्हणजे ठेव. राजा देऊ शकत होता, कारण ते त्याचे होते. आज गुंठ्यावर विकल्या जाणाऱ्या प्लॉटच्या खरेदीखतातही ही माळ येते.

वाचायला छान वाटते. पण हे वाक्य खरे आहे का? जमिनीत धन सापडले तर ते खरेदीदाराचे होत नाही. गुप्तधनाचा 1878 चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते आणि पुढे कायद्याप्रमाणे त्याचा निर्णय होतो. पाषाणाचे काय? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 प्रमाणे खाणी आणि खनिजे यांवर हक्क शासनाचा. मुरूम काढून विकायचा तर परवानगी लागते. तरूचे काय? स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायलाही बऱ्याचदा परवानगी लागते. म्हणजे विकणाऱ्याकडे जे नाही ते तो विकतो, घेणाऱ्याला जे मिळणार नाही ते तो विकत घेतो, आणि मुद्रांकावर ते सुंदर संस्कृतात नोंदले जाते.

असल्या वाक्यांना आम्ही नवसाची वाक्ये म्हणतो. ती कोणी वाचत नाही, पण नसली तर चुकल्यासारखे वाटते. लिहिणारा ती गाळायला घाबरतो. 'पूर्वीपासून आहे, राहू द्या.' एवढ्याने कोणाचे नुकसान होत नाही असे म्हणता येईल. आम्हाला तसे वाटत नाही. पाच पानांच्या खरेदीखतात दीड पान अशा माळांचे असेल, तर वाचणाऱ्याची नजर घसरते. आणि जी एक ओळ त्याने नीट वाचायला हवी होती, रस्ता किती फुटांचा, विहिरीत हिस्सा आहे की नाही, पाण्याची पाळी कितव्या दिवशी, ती ओळ त्याच घसरणीत निसटते. या माळेचा दोष खोटेपणापेक्षाही हा आहे, की ती खऱ्या ओळीसाठी जागा ठेवत नाही.

आता तिसरी जात, आणि आजच्या व्याख्यानाचे खरे कारण. हे आमच्या घरातले आहे, म्हणून थोडे सांभाळून सांगतो.

आमच्या आजोबांच्या पश्चात सातबारावर थोरल्या काकांचे नाव लागले. नावापुढे तीन अक्षरे होती: ए.कु.मॅ. घरात कितीतरी वर्षे तो उतारा येत होता, कर्जासाठी, पीक विम्यासाठी. एकदा आमच्या आत्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि विचारले, 'अरे, हे ए.कु.मॅ. काय आहे? दादानं कुठली परीक्षा दिली होती का?' आम्ही हसलो. आम्हालाही माहीत नव्हते. तलाठी कार्यालयातल्या एका जुन्या माणसाने सांगितले, 'एकत्र कुटुंब मॅनेजर.' म्हणजे काकांचे नाव तिथे मालक म्हणून नव्हते, सगळ्या कुटुंबाच्या वतीने होते. त्या तीन अक्षरांच्या आत आमचे वडील होते, धाकटे काका होते आणि दोन आत्या होत्या. सगळ्यांना वाटत होते की जमीन दादाची आहे. दादांनाही तसेच वाटत होते, हे सांगायला हवे. त्यांनी काही लपवले नव्हते. लपवण्याचे काम त्या तीन अक्षरांनी केले.

पुढे आत्यांनी वारसनोंदीचा अर्ज केला. हरकत आली, मंडळ अधिकाऱ्यांकडे सुनावणी झाली, तिथून प्रकरण प्रांतांकडे गेले. निकाल काय लागला हे आजच्या विषयात येत नाही. येते ते इतकेच: मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये झाली. कायदा घरापर्यंत आला होता. दार उघडायला तीन अक्षरे वाचता यायला हवी होती, ती वाचता आली नाहीत. बरं, महसुली नोंदीने मालकी ठरत नाही असे न्यायालये वारंवार सांगतात, हे आम्हाला माहीत आहे. पण गावात बँक नोंद बघते, सोसायटी नोंद बघते, आणि बहीण तर नोंदसुद्धा बघत नाही. भाऊ सांगेल ते ऐकते.

असाच दुसरा शेरा अ.पा.क. अज्ञान पालनकर्ता. इथे 'अज्ञान' म्हणजे अल्पवयीन. वडील वारले तेव्हा मूल सहा वर्षांचे होते, म्हणून आईचे नाव 'अ.पा.क.' म्हणून लागले. मूल चाळिशीला आले, त्याला मुले झाली, तरी सातबारावर ते अज्ञानच. आता हा शेरा कमी करण्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, ही चांगली सोय आहे. पण अर्ज करायला आधी कळायला हवे की कागदावर आपण अजून सहा वर्षांचे आहोत.

या तिसऱ्या जातीचा शब्द पूर्ण कधी दिसतच नाही. त्याची अक्षरे टिकतात, अर्थ गळून जातो. आणि गंमत बघा, भाषाशुद्धीच्या सगळ्या वादात अशा शेऱ्यांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. एकत्र संस्कृत, कुटुंब संस्कृत, मॅनेजर इंग्रजी. आपण फारसीवर भांडत राहिलो. शब्द कुठून आला हे आपण विचारले. तो कोणाला कळतो हे विचारले नाही.

अजून एक प्रकार आहे, त्यावर आम्ही फार बोलणार नाही, कारण तिथे दोन मते असू नयेत. वस्त्यांची जातिवाचक नावे. ती जुनी होती, रुळलेली होती, पत्त्यात होती, रेशनकार्डावर होती. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने ती बदलण्याचा निर्णय घेतला. 'नाव बदलून काय होते' असे तेव्हा काही जण म्हणाले. त्यांना एवढेच विचारावे की तो पत्ता नोकरीच्या अर्जावर तुम्हाला कधी लिहावा लागला आहे का. शब्द जुना आहे, म्हणून जपायचा, हा युक्तिवाद इथे संपतो. खुर्द आणि बुद्रुक गावांच्या नावात खुशाल राहोत. फारसीत लहान आणि थोर, यापलीकडे त्यांनी कोणाचा अपमान केलेला नाही.

मग कसोटी कोणती? वय ही कसोटी नाही, कूळही नाही. आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. तो कागद ज्याचा आहे, त्याला तो शब्द वापरून काही मागता येते का? 'वहिवाट' म्हणून रस्ता मागता येतो, 'फेरफार' म्हणून नोंद मागता येते, 'हरकत' म्हणून थांबवता येते. हे शब्द ठेवा, शाळेत शिकवा, आठवीच्या पुस्तकात एक सातबारा छापा. 'निधिनिक्षेप' म्हणून काहीही मागता येत नाही. त्याला सन्मानाने ताम्रपटात परत पाठवा. आणि ए.कु.मॅ., अ.पा.क. यांना पूर्ण अक्षरांत लिहा, म्हणजे त्यांच्या आत कोण कोण बसले आहे ते दिसेल.

याला एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. वकील म्हणतील, जुन्या शब्दांचे अर्थ निकालांनी पक्के झालेले असतात. नवा सोपा शब्द आणला की त्याच्यावर नवा वाद उभा राहतो. हे खरे आहे. म्हणून तर आम्ही 'वहिवाट' काढा असे म्हणत नाही. पण हा आक्षेप आडोसा म्हणूनही वापरला जातो. ज्या शब्दाचा अर्थ निकालांनी पक्का झाला आहे तो ठेवायला हरकत नाही. ज्याचा अर्थ फक्त कार्यालयातल्या एका जुन्या माणसाला ठाऊक आहे, तो शब्द पक्का नाही. तो माणूस निवृत्त झाला की त्या शब्दाचा अर्थ कोणाला विचारायचा?

व्याख्यान संपवताना एक काम सांगतो. घरी गेल्यावर आपल्या कुटुंबाचा एक उतारा काढा. शेती नसेल तर घराचे खत काढा, सोसायटीचा दाखला काढा. घरातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान माणसाला शेजारी बसवा आणि मोठ्याने वाचा. जिथे मोठ्याला कळते आणि लहानाला कळत नाही, तिथे खूण करा. जिथे दोघांनाही कळत नाही, तिथे दोन खुणा करा. आणि त्या दोन खुणांच्या शब्दाचा अर्थ विचारायला कार्यालयात जा, बहिणींना बरोबर घेऊन जा.